पथकात सॅक्सोफोनला जागा असावी का?

सुरतेहून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने भुसावळच्या दिशेला निघाले, की उधना मागे पडल्यावर थोड्याच वेळात चलथाण लागते. पलसाणा तालुक्यातले हे गाव सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखले जाते. आजूबाजूला, कडोदऱ्याच्या बाजूला, कापड रंगवण्या-छापण्याच्या मिल पसरल्या आहेत. याच लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव भागातली असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरत जिल्ह्यात येऊन स्थिरावली. त्यांच्यासोबत अहिराणी आली, सार्वजनिक गणपती आले आणि लग्नाचा बँडही आला. त्यामुळे या पट्ट्यात वाजतगाजत जाण्याचे दोन ढंग शेजारी शेजारी नांदतात. एक ढोल-ताशा पथकाचा: ढोल, ताशा, झांज, ध्वज, क्वचित शंख. दुसरा बँडचा: क्लॅरनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन, युफोनियम, आणि जोडीला साइड ड्रम व बिग ड्रम.

पथकाकडे जोर आहे, पण सुरावट नाही. बँडकडे सुरावट आहे, पण शंभर ढोलांचा जोर नाही. मग दोन्ही एकत्र का आणू नयेत? पथकाची स्पर्धा असेल तिथे दोन सॅक्सोफोनवाले उभे केले तर काय बिघडले? अमेरिकेतल्या ड्रम कोअर नावाच्या मैदानी संगीतस्पर्धांत हा प्रश्न कित्येक वर्षे हिरिरीने लढवला गेला आहे. तिथले अनुभव आपल्या पथकांना आणि बँडना उपयोगी पडणारे आहेत. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: स्पर्धेच्या पथकात सॅक्सोफोन नको, आणि पथकाबाहेर, मिरवणुकीच्या बँडमध्ये, तो जगलाच पाहिजे. पहिल्या अर्ध्या उत्तरासाठी नेहमी जे कारण दिले जाते ते मात्र मला अपुरे वाटते. खरे कारण वेगळे आहे.

बिगुलाची मर्यादा

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी आपापली वादनपथके उभी केली. हाताशी होते ते लष्करी बिगुल आणि ढोल. बिगुल म्हणजे वळवलेली पितळी नळी. तिला ना भोके, ना कळा. ओठांचा ताण बदलून तिच्यातून ठरावीकच स्वर काढता येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, प, वरचा सा, ग आणि पुन्हा प. नेहमीच्या पट्टीत रे, म, ध हे स्वर तिथे मिळतच नाहीत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर सलामी वाजवणे सोपे आहे. पण श्रोत्यांना दहा-बारा मिनिटे बांधून ठेवणे महाकठीण. त्यातूनच या कलेचा पिंड घडला. सुरांची उणीव भरून काढायला कवायत आली, रचनेतले आकार आले, ढोलवादनात कमालीची सफाई आली.

१९७२ साली या पथकांनी ड्रम कोअर इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था उभी केली. शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन आणि वायोमिंगमधल्या ट्रूपर्सचे जिम जोन्स हे तिच्या उभारणीतले प्रमुख. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ॲनाहाइम किंग्समेन हे पथक जिंकले. तेव्हाचा नियम कडक होता. वाद्य बिगुलाच्याच कुळातले हवे, ठरलेल्या एकाच पट्टीतले हवे.

पुढे हा नियम पायरीपायरीने सैल होत गेला. १९७७ मध्ये बिगुलाला दोन कळा चालतील असे ठरले, १९९० मध्ये तीन. तीन कळा आल्या की सप्तकातले सगळे स्वर हाती येतात. २००० पासून कोणत्याही पट्टीतली वाद्ये आणता येऊ लागली. २००४ मध्ये माइक व स्पीकर आले, २००९ मध्ये सिंथेसायझर आला. २०१४ च्या बदलाने ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, सूझाफोन यांच्यासह सगळ्या पितळी वाद्यांना दार उघडले. एवढे सगळे झाले तरी ते दार पितळी वाद्यांपुरतेच उघडले. क्लॅरनेट, बासरी आणि सॅक्सोफोन बाहेरच राहिले.

सॅक्सोफोनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा संताप इथेच होतो. कीबोर्डच्या बटणातून सॅक्सोफोनचा आवाज काढता येतो, पण वर्षानुवर्षे रियाज केलेल्या सॅक्सोफोनवाल्या मुलाला मैदानात पाऊल ठेवता येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि वजनदारही आहे. त्याचे उत्तर देण्याआधी वाद्य नीट पाहायला हवे.

पितळेचे अंग, गवताचा प्राण

सॅक्सोफोन पितळेचा असतो, तरी जाणकार त्याला पितळी वाद्यांत धरत नाहीत. ट्रंपेटमध्ये वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात आणि नळीतली हवा त्यांना साथ देते. सॅक्सोफोनमध्ये थरथरते ती रीड, म्हणजे बोरूसारख्या उंच गवताच्या दांड्यातून तासून काढलेली पट्टी. बँडमधला सॅक्सोफोनवाला वरातीला उभा राहण्याआधी काय करतो ते जवळून पाहावे. तो डबीतून रीड काढतो, तिचे पातळ टोक तोंडात धरून ओली करतो, तोंडपट्टीवर नेमकी बसवतो आणि पट्ट्याचे दोन स्क्रू आवळतो. रीड केसभर पुढे-मागे झाली तरी स्वर चिरकतो. टोक कुठे उडालेले दिसले तर ती बाजूला ठेवून दुसरी घेतो. मग खालच्या सा पासून एकेक कळ दाबून पाहतो. वाद्याच्या अंगावर वीसहून अधिक भोके, प्रत्येकावर कळ, आणि कळीच्या पोटात चामड्याची मऊ गादी. एक गादी पावसाने फुगली, तिने भोक घट्ट झाकले नाही, तर तिच्याखालचे सगळे स्वर बिघडतात. पावसाळ्यात, भाद्रपदात, मोकळ्या रस्त्यावर वाजवणाऱ्याची ही मोठी डोकेदुखी असते.

दुसरा फरक आवाजाच्या दिशेचा. ट्रंपेटचा सगळा आवाज त्याच्या कर्ण्यातून बाहेर पडतो आणि वरचे तीक्ष्ण सूर तर बाणासारखे समोरच जातात. साठ-सत्तर वादकांनी एकाच क्षणी कर्णे प्रेक्षकांकडे वळवले की अंगावर भिंत कोसळल्यासारखा नाद येतो. सॅक्सोफोनमध्ये बऱ्याच स्वरांचा आवाज उघड्या भोकांतूनच बाहेर पडतो आणि चहूकडे पसरतो. सभागृहात भिंती तो परत आणून देतात. मैदानात भिंती नसतात, त्यामुळे बाजूला गेलेला आवाज गेलाच.

या दोन गोष्टींवरून अनेक जण निर्णय देऊन मोकळे होतात: सॅक्सोफोन मैदानाचे वाद्यच नव्हे. हे कारण मला अपुरे वाटते, आणि इतिहासही त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

पॅरिसच्या मैदानावरचा सामना

सॅक्सोफोनचा जन्मच उघड्यावर वाजवण्यासाठी झाला. बेल्जियममधल्या दिनां गावी १८१४ मध्ये जन्मलेला अडॉल्फ सॅक्स हा वाद्य बनवणाऱ्याचाच मुलगा. लष्करी बँडमध्ये त्याला एक दरी दिसत होती. क्लॅरनेट, ओबो ही वाद्ये गोड, पण मैदानात क्षीण. ट्रंपेट-ट्रॉम्बोन दणदणीत, पण लवचीकपणात कमी. या दोहोंना जोडणारा आवाज त्याला हवा होता. म्हणून त्याने क्लॅरनेटसारखी रीड घेतली आणि ती पुढे रुंदावत जाणाऱ्या पितळी नळीला जोडली. १८४६ मध्ये पॅरिसला त्याने त्याचे पेटंट घेतले.

त्याच्या आदल्या वर्षी, २२ एप्रिल १८४५ रोजी, पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर एक जाहीर सामना झाला होता. एका बाजूला काराफा या संगीतकाराच्या हाताखालचा जुन्या घडणीचा लष्करी बँड, दुसऱ्या बाजूला सॅक्सने सुचवलेल्या नव्या वाद्यांचा. हजारोंची गर्दी लोटली. सॅक्सकडे वादक कमी होते, तरी लोकांनी कौल त्याच्या बाजूने दिला. पुढे सरकारी हुकुमाने फ्रेंच लष्करी बँडमध्ये त्याची वाद्ये आली. १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर तो हुकूम रद्द झाला आणि १८५४ मध्ये सॅक्सला पुन्हा मान मिळाला.

तेव्हा कोणत्या वाद्याला कुठे जागा द्यायची, हा वाद सॅक्सोफोनच्या पाठीमागे जन्मापासून लागलेला आहे. आणि ज्या वाद्याने लष्कराच्या संचलनात शतकाहून अधिक काळ काढला, ते मैदानात ऐकू येत नाही असे म्हणता येणार नाही. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होते, तिथल्या लष्करी बँडमध्ये सॅक्सोफोन असतो. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडमध्येही तो मोठ्या संख्येने असतो. आवाजाच्या मुद्द्यावर सॅक्सोफोनला बाद करता येत नाही.

आपल्याकडचा सॅक्सोफोन

आपल्या भागातही हे वाद्य बँडच्याच वाटेने आले. पलसाणा तालुका बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्या मराठी राजवटीने गुजरातेत पाश्चात्त्य धर्तीचा बँड पोसला. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्ष यांच्या हाताखाली बडोद्यात संगीतशाळा सुरू झाली. मौलाबक्षांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. रागदारी आणि बँड एकाच दरबारात, एकाच घराण्यात नांदत होते.

गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवले. गावच्या फेस्ताला, लग्नाला आणि अंत्ययात्रेलाही बँड वाजे. त्याच मातीतून ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखा जॅझ सॅक्सोफोनवादक निघाला आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला गोव्याच्या वादकांची फौज मिळाली. तिथल्या वाद्यवृंदात कोलकात्याहून आलेल्या मनोहारी सिंग यांनी सॅक्सोफोनला असे स्थान मिळवून दिले, की १९६९ च्या ‘आराधना’तल्या त्यांच्या वादनाचे तुकडे आजही लग्नातले बँडवाले वाजवतात.

सर्वांत बोलका दाखला दक्षिणेकडचा आहे. मंगळूरजवळ जन्मलेल्या कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो कर्नाटक संगीतासाठी घडवायचे ठरवले. गमक निघावी म्हणून त्यांनी वाद्यात बदल केले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्समध्ये ते वाजवून आले, २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दक्षिण कन्नड भागात आज देवळातल्या उत्सवाला आणि लग्नाला सॅक्सोफोन वाजतो, आणि साथीला चामड्याचे तालवाद्य असते. म्हणजे ढोल आणि सॅक्सोफोन यांचे पटत नाही, हेही खरे नाही.

मग माझे पहिले अर्धे उत्तर कशावर उभे आहे?

मर्यादेतून घडलेली कला

पुण्याच्या ढोल-ताशा पथकांचा आजचा साचा १९७० च्या दशकात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, गरवारे अशा शाळांच्या पथकांतून घडला. मुळशी-मावळातल्या गावांचे ढोल शहरात आधीपासून वाजत होते. शाळांनी त्यांना शिस्त, सराव आणि रचना दिली. त्यांनी सुरावट मुद्दाम घेतली नाही. मग रंगत आणायची कुठून? ढोलाच्या एका अंगाला टिपरू आणि दुसऱ्या अंगाला हाताची थाप, एवढ्यातून. ताशावाल्याच्या काड्यांतून. वेगवेगळ्या ‘हातां’च्या, म्हणजे ठोक्यांच्या बांधणीच्या, चढउतारातून, एकदम थांबण्यातून आणि शंभर जणांनी एकाच क्षणी पुन्हा उचलण्यातून.

हे एकत्र वाजणे दिसते तितके सोपे नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक पन्नास मीटर लांब पसरले, तर पुढच्या टोकाचा ठोका मागच्या टोकाला सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याने उशिरा पोचतो. द्रुत लयीत एवढ्यात पूर्ण ठोका घसरतो. म्हणून ढोलवाल्याला केवळ कानावर विसंबता येत नाही. ताशाची पुकार आणि पथकप्रमुखाचा हात या दोहोंकडे लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेतल्या शंभर यार्डांच्या मैदानावर ड्रम कोअरची मुले नेमक्या याच अडचणीशी झुंजतात. स्पर्धेत गुण या झुंजीला मिळतात.

आता यात दोन सॅक्सोफोन आणा. शंभर ढोलांपुढे ते ऐकू येणार नाहीत, म्हणून माइक लागेल. माइक आला की स्पीकर, स्पीकर आला की जनरेटर, जनरेटर आला की गाडी. ढोल मग गाडीतल्या आवाजाची साथ करू लागतील. पथकाचे सगळे सामर्थ्य या गोष्टीत आहे, की चालणाऱ्या माणसांच्या खांद्यांतून आणि मनगटांतून जेवढा नाद निघेल तेवढाच खरा. ते सामर्थ्य पहिल्याच वर्षी हातचे जाईल. ड्रम कोअरच्या २००४ आणि २००९ च्या नियमांकडे मी याच नजरेने पाहतो. सिंथेसायझरला आत घेणे ही तिथली मोठी चूक होती असे मला वाटते. पण एक कुंपण पडले म्हणून उरलेलीही काढून टाकावीत, हा त्यावरचा इलाज नव्हे. सॅक्सोफोनवाल्या मुलावर अन्याय होत असेल, तर त्याचे मूळ कीबोर्डला दिलेल्या सवलतीत आहे. दुरुस्ती तिथे व्हायला हवी.

कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचे असते. मध्ये श्वास घेण्याची मुभा दिली तर चढाया लांबतील, गुणही कदाचित वाढतील. पण मग आपण पाहतो तो खेळ दुसराच असेल. स्पर्धेतल्या वाद्यांचा नियमही असाच दम मोजणारा असतो. ब्रिटनच्या ब्रास बँड स्पर्धांत कॉर्नेट चालतो, पण ट्रंपेट आणि फ्रेंच हॉर्न चालत नाहीत, सॅक्सोफोन तर नाहीच. त्या बँडचा एकजीव, मऊ नाद या नियमामुळेच टिकला आहे. सगळ्यांच्या हाती सारखी सामग्री असली, की परीक्षकाला माणसांची कारागिरी तोलता येते. कुणी काय विकत आणले, याचा प्रश्न उरत नाही.

वेगळा वर्ग, बरोबरीचा मान

सॅक्सोफोनला नाही म्हणणाऱ्यांनी मग एक जबाबदारीही घेतली पाहिजे. त्याला त्याची स्वतःची जागा द्यावी लागेल, आणि ती दुय्यम असून चालणार नाही. याचा नमुना आपल्या देशातच आहे. अखिल भारतीय पोलीस बँड स्पर्धेत ब्रास बँड, पाइप बँड आणि बिगुल यांचे वर्ग वेगवेगळे असतात. शालेय मुलामुलींच्या राष्ट्रीय बँड स्पर्धेतही ब्रास आणि पाइप असे दोन वर्ग आहेत. आपल्याकडच्या ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट-सॅक्सोफोन सहज सामावले जातात. पाइप बँडमध्ये सॅक्सोफोन का नाही, असे तिथे कुणी विचारत नाही. कारण त्याच मैदानात, त्याच मानाने वाजायला त्याला शेजारची जागा मिळालेली असते.

खानदेशात आणि दक्षिण गुजरातेत सॅक्सोफोनपुढचे खरे संकट पथकांनी आणलेले नाही. ते आणले आहे बँडच्या गाडीने. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्पीकरच्या भिंती चढल्या, तसतसे फुंकणारे हात कमी होत गेले. चार सॅक्सोफोनवाल्यांची मजुरी द्यायची, त्यांच्या रीडचा आणि गाद्यांचा खर्च करायचा, त्यापेक्षा एका कीबोर्डवाल्यात काम भागते असा हिशेब सुपारी घेणारा मास्टर करतो. त्याला दोष देता येत नाही, कारण सुपारी देणारेच गाडी केवढी आहे ते आधी विचारतात. फुंकवाद्य शिकायला वर्षे लागतात. ज्या कुटुंबांत बाप मुलाला तोंडपट्टी धरायला शिकवत असे, तिथे मुलाने ते शिकावे असे कोणते कारण आपण शिल्लक ठेवले?

कारण निर्माण करणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. चलथाण, कडोदरा, उधना, लिंबायत या पट्ट्यात मराठी गणेश मंडळे आहेत. जी मंडळे विसर्जन मिरवणुकीत वादनाला बक्षीस देतात किंवा देऊ इच्छितात, त्यांनी ते दोन वर्गांत द्यावे. पहिला वर्ग ढोल-ताशा पथकांचा: ढोल, ताशा, झांज, माइक नाही, गाडी नाही. दुसरा वर्ग पायी चालणाऱ्या बँडचा: फुंकवाद्ये आणि ढोल, कीबोर्ड नाही, स्पीकर नाही. दोन्हींची रक्कम सारखी, दोन्हींचा परीक्षक जाणकार. बँडच्या वर्गात एक अहिराणी चाल वाजवलीच पाहिजे अशी अट ठेवली, तर नव्या पिढीच्या बोटांना घरच्या चालीही कळतील.

अशा स्पर्धेत पथकाला सॅक्सोफोनची उणीव भासणार नाही, कारण त्याचे गुण लयीवर आणि एकजुटीवर ठरतील. सॅक्सोफोनवाल्यालाही पथकात शिरून शंभर ढोलांशी झगडावे लागणार नाही. त्याच्यासमोर क्लॅरनेट असेल, ट्रंपेट असेल, सवाल-जवाब करता येईल असा ढोल असेल, आणि त्याचा प्रत्येक स्वर विजेच्या मदतीवाचून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला पोचतो की नाही हे ऐकायला परीक्षक असेल. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सॅक्सने हे वाद्य नेमके याच परीक्षेसाठी घडवले होते. ती परीक्षा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय मंडळांच्या कार्यकारिणीच्या एका बैठकीत होऊ शकतो.